घरच्या मजुरीचा हिशेब आणि कुटुंब न्यायालय

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या खरेदीवर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, सोसायटीच्या थकबाकीवरही झाले. पत्रिकेवरचा शेवटचा विषय आहे कुटुंब न्यायालय. काही जणांना वाटेल, नवरा-बायकोची भांडणे ज्याच्या त्याच्या घरातली, त्यांचे चळवळीत काय काम? आमचे उत्तर साधे आहे. येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड, सिन्नरचा पूर्व भाग, कुठल्याही कोरडवाहू गावात जा. माहेरी परत आलेली लेक नाही असे गाव सापडणार नाही. तिचा बाप कापूसवालाच, तिचा नवराही कापूसवालाच. भांडण दोन शेतकऱ्यांच्या घरातले आहे. दोन्ही घरे तारखांच्या फेऱ्यांत खंगतात, आणि कायदा काय सांगतो ते दोन्ही घरांना माहीत नसते. म्हणून हा विषय इथे घेतला.

आधी हे न्यायालय म्हणजे काय ते पाहू. पूर्वी घटस्फोटाचा दावा दिवाणी कोर्टात, पोटगीचा अर्ज फौजदारी कोर्टात आणि मुलाच्या ताब्यासाठी तिसरा अर्ज, अशी वाटणी होती. एकाच संसाराच्या तीन फायली. १९७४ साली विधी आयोगाने आपल्या ५९ व्या अहवालात म्हटले की कुटुंबाचे तंटे चालवण्याची पद्धत वेगळी हवी. महिला संघटनांनीही ही मागणी लावून धरली. त्यातून १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा आला. महाराष्ट्रात १९८९ साली पुणे आणि मुंबईत ही न्यायालये सुरू झाली. आज नाशिकलाही कुटुंब न्यायालय आहे.

इथे काय चालते? विवाह रद्द ठरवणे, घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा, पोटगी, मुलांचा ताबा आणि पालकत्व, नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद. हे न्यायालय एका धर्माचे नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्यांचे दावे इथे चालतात. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही पोटगीच्या सर्वसाधारण कलमाखाली अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. आणि हे फक्त नवरा-बायकोचेही नाही. मुले सांभाळत नसतील तर म्हातारे आईबाप इथे मुलाकडे पोटगी मागू शकतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कुटुंब न्यायालयाची हद्द शासन ठरवून देते. जो भाग हद्दीत नसेल, तिथले विवाहाचे दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तराकडे, चालतात आणि पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. कायदा तोच, दार वेगळे. म्हणून एस.टी.चे भाडे खर्चून नाशिकला निघण्याआधी आपल्या तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारा की आपला दावा कुठे लागेल. येवल्याहून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या वर, मालेगावहून शंभरच्या वर. एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

आणखी एक. बाईला दावा लावण्यासाठी नवऱ्याच्या गावच्या कोर्टातच गेले पाहिजे असे नाही. पोटगीचा अर्ज ती राहते तिथे करता येतो. हिंदू विवाह कायद्याखालचा दावाही २००३ च्या दुरुस्तीनंतर ती राहत असलेल्या ठिकाणच्या न्यायालयात लावता येतो. सासर जळगाव जिल्ह्यात आणि माहेर नांदगावला असेल, तर नांदगावच्या बाईने जळगावच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

आता कामकाज कसे चालते ते क्रमाने सांगतो.

पहिला अर्ज. त्यात लग्न कधी आणि कुठे झाले, मुले किती, शेवटचे एकत्र कुठे राहिलो, तक्रार काय आणि मागणी काय, हे लिहायचे. लग्नाची पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले जोडायचे. पोटगी, मालमत्ता, छळ आणि घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना कोर्ट फी महाराष्ट्र शासनाने १९९४ सालीच माफ केली आहे. फीपोटी कोणी पैसे मागितले तर कशाचे मागता, हे विचारा आणि पावती मागा.

दुसरी नोटीस. समोरच्याला समन्स जाते. ते घेतलेच नाही म्हणजे खटला थांबतो, हा गावोगावचा गैरसमज आहे. समन्स टाळणाऱ्याविरुद्ध एकतर्फी आदेश होऊ शकतो.

तिसरे समुपदेशन. या न्यायालयाचे वेगळेपण इथे आहे. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे कायद्याने न्यायाधीशांचे कर्तव्य ठरवले आहे. विवाह समुपदेशक दोघांशी स्वतंत्र आणि एकत्र बोलतात. गरज पडली तर घरीही येऊन पाहतात. तिथे बोललेले गोपनीय असते, पुढे पुरावा म्हणून वापरले जात नाही. म्हणून तिथे मोकळेपणाने बोला. पण हेही समजून घ्या की समेट म्हणजे मार खायला परत पाठवणे नव्हे. मारहाण होत असेल तर समुपदेशकांना पहिल्याच भेटीत सांगा.

चौथी तात्पुरती पोटगी. मुख्य दाव्याला वर्षे लागतात, पण पोट वर्षे थांबत नाही. म्हणून दावा चालू असतानाच दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, ते आपण पाहतोच. पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. तारखा वाढवून पैसे वाचतील हा हिशेब आता चुकीचा ठरतो. पूर्वी पोटगीच्या या कलमाला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली गेली. कलमाचा नंबरही बदलला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ आपल्या तोंडी बसले होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले.

पाचवा पुरावा आणि निकाल. या न्यायालयात पुराव्याचे नियम सैल आहेत. तंटा सोडवायला उपयोगी पडेल असा कागद वा जबाब न्यायाधीश घेऊ शकतात. कामकाज बंद खोलीत चालवा अशी मागणी कोणीही एक पक्ष करू शकतो. वकील हा इथे हक्क म्हणून नाही, न्यायालयाच्या परवानगीने असतो. बाईने स्वतः उभे राहून बोलले तरी चालते. निकालावर ३० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. संमतीने झालेल्या हुकुमावर अपील नाही, आणि कलम १४४ च्या पोटगीच्या आदेशावर अपील नसले तरी उच्च न्यायालयाकडे फेरतपासणी मागता येते.

इथपर्यंत रस्ता झाला. आता त्या रस्त्यावर आपला शेतकरी कुठे अडतो ते सांगतो.

२०२० च्या ज्या निकालाचा उल्लेख केला, तो खटला नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपल्या उत्पन्नाचे, मालमत्तेचे आणि देण्याचे शपथपत्र द्यायचे. त्याचे नमुनेही निकालाला जोडले. नोकरदाराचा नमुना वेगळा आणि शेतकऱ्याचा वेगळा. शेतकऱ्याच्या नमुन्यात काय विचारले आहे? जमीन किती, त्यात हिस्सा किती, फेरफार काय सांगतो. जमीन जिरायत की बागायत. वर्षात पिके कोणती. गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न किती. बटाईने वा खंडाने घेतलेली जमीन आहे का. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांचे उत्पन्न किती. जमिनीवर कर्ज किती. समोरच्या बाजूला हे भरून द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. टाळाटाळ केली तर बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

हा कागद नीट भरला तर शेतकऱ्याचे नुकसान नाही, फायदा आहे. कोरडवाहू शेतीचे उत्पन्न पगारासारखे दरमहा येत नाही. एका वर्षी बोंडअळी, दुसऱ्या वर्षी पावसाचा खंड, तिसऱ्या वर्षी भाव पडला. हे कोणी दाखवायचे? जिनिंगची काटापट्टी, बाजार समितीची हिशोबपट्टी, ई-पीक पाहणीची नोंद, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, बँकेचे पासबुक, हे सगळे लावा. खरी आपत्ती खऱ्या कागदाने दाखवा. न्यायाधीश शेतकरी नसतात. त्यांना तुमचे शिवार दिसत नाही, फायलीतला कागद दिसतो.

पण आपल्याकडे दुसरेच होते. तारीख लागली की जमीन भावाच्या नावावर, नाहीतर बापाच्या नावावर. शपथपत्रात लिहायचे, "माझे स्वतःचे उत्पन्न काही नाही." हे चालत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून तरी बायकोमुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही बजावले आहे. सातबारा कोरा दाखवला तरी हातपाय कोरे दाखवता येत नाहीत. आणि खोटे शपथपत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

याहून मोठी गोष्ट पुढची आहे. त्याच शपथपत्रात बायकोविषयी लिहिले जाते, "ती घरीच असते, काही करत नाही." भावांनो, हे वाक्य आपल्या चळवळीच्या मुळावर येते. कसे ते सांगतो.

हमीभाव कसा काढतात? बियाणे, खत, औषध, मजूर, भाडे असा रोखीने झालेला खर्च कृषी मूल्य आयोग एका बाजूला मांडतो. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत मिळवतो. आयोगाच्या कागदात तिला एफएल म्हणतात, म्हणजे घरची मजुरी. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा असा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला आणि त्याच्या दीडपट, ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ धरला, हमीभाव ३,६९९. आपल्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज यात धरले नाही, म्हणून हा भाव अपुरा आहे, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. पण घरची मजुरी फुकट नाही, तिला दाम आहे, एवढे तर सरकारनेही कबूल केले.

आता सांगा, ही घरची मजुरी कोणाची? सरकी टोकली कोणी? दोन निंदण्या कोणाच्या हातच्या? दिवाळीनंतर तीन-तीन वेळा वेचणीला वाकले कोण? ज्वारीची कणसे खुडायला कोण होते? शेळीचा चारा, म्हशीची धार, रात्रीची भाकर? त्या ५,१४० रुपयांत बाईच्या घामाचा हिस्सा आहे. तो धरा म्हणून आपण दिल्लीला निवेदने देतो, रस्त्यावर बसतो. आणि तीच बाई कोर्टात उभी राहिली की शपथेवर लिहितो, ती काही करत नाही. दिल्लीत तिची मजुरी मोजायची आणि नाशिकला बुडवायची, हे एका तोंडाने बोलता येणार नाही.

म्हणून पोटगी ही भीक नाही आणि दंडही नाही. जिने दहा वर्षे शिवार पिकवले, तिच्या नावावर एक गुंठा नाही, पासबुक नाही, काटापट्टी नाही, तिच्या राबण्याची ती थकबाकी आहे, असे आम्ही म्हणतो. बायांनीही अर्जात हे लिहिले पाहिजे. "मी गृहिणी आहे" एवढ्यावर थांबू नका. किती एकर, कोणती पिके, कोणती कामे तुम्ही करत होता, घरच्या दुधाचे पैसे कोणाच्या खात्यावर जात होते, हे सगळे लिहा.

काही गैरसमज आहेत, तेही आज निकाली काढू.

शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहिली, दोन पंचांच्या सह्या झाल्या, फारकत झाली, असे आपल्याकडे सर्रास मानतात. हिंदू विवाह कायद्यात रूढीने होणाऱ्या काडीमोडाला जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. नुसता स्टॅम्प म्हणजे घटस्फोट नव्हे. त्या कागदावर विसंबून दुसरे लग्न लावले तर ते रद्दबातल ठरते आणि गुन्हाही होतो. दुसरी बाई बिनहक्काची राहते, पहिली अडकून पडते, आणि तिसरा बळी म्हणजे दोन्हीकडची लेकरे. जातपंचायत वाळीत टाकू म्हणाली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आपल्या राज्यात आहे, हे पंचांना ऐकवा.

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर संमतीचा रस्ता आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, मग दोघांनी मिळून अर्ज, त्यानंतर सहा महिन्यांची मुदत. ती मुदत योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असा २०१७ चा निकाल आहे. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. मात्र अटी स्पष्ट लिहा. रक्कम किती, कोणत्या तारखेला, बाईचे दागिने आणि भांडी कधी परत, मुले कोणाकडे, शाळेचा खर्च कोणाचा. मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कागदावर सही वा अंगठा नाही.

मुलांच्या ताब्यात बापाचा हक्क की आईचा हक्क, असे कोर्ट मोजत नाही. मुलाचे हित कशात आहे ते पाहते. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे राहते. ज्याच्याकडे मूल नाही त्याला भेटीचे दिवस ठरवून मिळतात. पोटगी थकली म्हणून मूल भेटू न देणे, किंवा मूल भेटत नाही म्हणून पोटगी बंद करणे, दोन्ही चूक.

पोटगी दिली नाही तर काय? वसुलीचे वॉरंट निघते. दंडासारखी वसुली होते, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही. बाईने मात्र थकलेल्या रकमेसाठी एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, तारीख चुकवू नका. आणि शेतकऱ्याचे खरोखरच पीक बुडाले, परिस्थिती बदलली, तर पैसे बंद करून घरी बसू नका. रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. महागाई वाढली तर बाईलाही वाढवून मागता येते.

घरातून हाकलले असेल, मारहाण असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. घर कोणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. कुटुंब न्यायालयात दावा चालू असेल तर ही दाद तिथेही मागता येते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. फोन १५१००. संकटातल्या बाईसाठी १८१. हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

सगळ्यात चांगला उपाय कोर्टाच्या आधीचा आहे. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, लाखांनी शेतकरी बाया जमल्या होत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि कितीतरी गावांत पुरुषांनी आपखुशीने बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली शासनानेही नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक काढले. जिचे नाव सातबाऱ्यावर आहे, तिला घराबाहेर काढण्याआधी माणूस दहादा विचार करतो. आणि विधवा झाली तर तिला फेरफारासाठी दिरांच्या पाया पडावे लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांसाठी तीन कामे सांगतो. एक, प्रत्येक तालुक्यात दोन माणसे, त्यात एक बाई, विधी सेवा समितीच्या कार्यालयात जाऊन तिथले नाव, वेळ आणि अर्जाचा नमुना घेऊन येतील. दोन, गावात असे प्रकरण आले तर पंच होऊन निवाडा करायचा नाही. कागद गोळा करून द्यायचे आणि पहिल्या तारखेला सोबत जायचे, मग बाई आपल्या गावची असो की भांडण आपल्या कार्यकर्त्याच्या घरातले असो. तीन, यंदाच्या वेचणीपासून प्रत्येक घरात एक वही ठेवायची, आणि त्यात बाहेरच्या मजुरांबरोबर घरच्या बायांचे दिवसही मांडायचे. ती वही कृषी मूल्य आयोगापुढे कामाला येईल, आणि वेळ आलीच तर कोर्टापुढेही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने ही वही आणि दोन नावे सोबत आणावीत, एवढीच विनंती. जय किसान.